शेंदरी खुणेखालचा बोल्ट

दारव्हा,
शुक्रवार

प्रिय शाम,

पाकिटावरचं अक्षर माझं दिसलं असतं तर तू ते न उघडता चुलीत घातलं असतंस, म्हणून पत्ता तुझ्या बहिणीच्या, बसंतीच्या हातून लिहून घेतला. आत मात्र मी आहे, तुझा दाजी. घाबरू नको, घरी सगळे ठीक आहेत. बसंतीचे गुडघे दुखतात, माझी कंबर दुखते, एवढंच. कोणी गेलं म्हणून हे पत्र नाही. आता फाडायचं असेल तर फाड, तुझ्या जागी मी असतो तर फाडलंच असतं. पत्र लिहायचं म्हटलं की हात आपोआप शाळेतल्या मराठीवर जातो, बोलतो तसं कागदावर उतरतच नाही. मधेच कुठं घसरलो तर समजून घे. तीन दिवसांपासून लिहायला बसतोय आणि उठतोय, आज एका बैठकीत संपवायचं ठरवलं आहे.

वकीलसाहेबांची काँटेसा माझ्याकडे आली आहे. पुसदचे यज्ञेश्वर वकील, ती हिरवी, लांब बोनेटची. पुसदच्या रस्त्यानं ती यायची तेव्हा बाजारातली माणसं भाजी मोजायची थांबून पाहायची. वकीलसाहेब आता ऐंशीच्या पुढे गेले, घराबाहेर पडत नाहीत. गाडी पाच-सहा वर्षं ताडपत्रीखाली पडून होती. त्यांचा मुलगा साकेत, त्याच्या डोक्यात आलं की ती पुन्हा रंगवून नागपूरला जुन्या गाड्यांचा मेळा भरतो तिथं न्यायची. तो तिला मसल कार म्हणतो. मी म्हटलं, बापा, हिच्यात मसल होती तेव्हा माझ्यातही होती. पिकअपच्या मागं दोर बांधून आणलं बिचारीला. रंग नवा, सीटा नव्या, चकाचक, पण चालू केली की खोकते, थरथरते, सायलेन्सरमधून फाडफाड फटाके फोडते आणि मरते. पुसदला एका नव्या गॅरेजमध्ये प्लगच्या चारही वायरी बदलल्या, तेव्हापासून असं आहे म्हणाला. त्या पोरांनी पुढं प्लग बदलले, कॉइल बदलली, मग हात टेकले. काका, हिचे जुने डॉक्टर तुम्हीच, असं म्हणून साकेतनं गाडी माझ्या दारात सोडली आणि गेला.

खरं सांगतो शाम, नको वाटलं होतं. आता माझ्याकडे फटफट्याच येतात, त्याही जुन्या. नव्या गाड्या आपलं दुखणं लॅपटॉपला सांगतात, मला सांगत नाहीत. सकाळी शटर वर करायचं म्हटलं तरी दोनदा श्वास घ्यावा लागतो. पण ती हिरवी गाडी पाहिली आणि नाही म्हणता आलं नाही. ती गाडी आपल्या दोघांच्या हातची. आणि त्याच गाडीवरून आपलं जे झालं ते झालं.

तीन आठवडे झगडलो. टाकीतलं पेट्रोल काढलं, त्याला जुन्या वार्निशचा वास येत होता. कार्बोरेटर खोलला, जेट फुंकून साफ केले. पॉइंट घासले, गॅप लावला, कंडेन्सर नवा टाकला. प्लगच्या भोकावर अंगठा ठेवून चारही सिलिंडरचा दाब पाहिला, चांगला होता. प्लगला करंट निळा, कडक. वायरी पुस्तकाशी ताडून पाहिल्या, ठिणगीचा क्रम एक-तीन-चार-दोन, डिस्ट्रिब्युटरच्या टोपीवरच्या आकड्याप्रमाणे जिथल्या तिथं. सायलेन्सरचा सांधा फुटला असला तरी हवा ओढून फटाके फुटतात, म्हणून तोही वेल्डिंग करून आणला. फटाके सुरूच. समोरच्या पानठेल्यावर गुलाबसिंग अजून बसतो. तो रोज विचारायचा, लखीराम, आज कोनाची वरात हाय? पहिल्या दिवशी तर मी बोनेटमध्ये वाकलो होतो, त्याची बकरी दावं तोडून पळाली तेव्हा मला समजलं की फटाका फुटला. मग मी आपला जुना उपाय केला, सायलेन्सरच्या तोंडाशी कागद धरला. कागद बाहेर फडफडला पाहिजे, तर तो मधेच आत ओढला जायचा. म्हणजे ठिणगी अवेळी पडत होती. काहून पडत होती ते मात्र समजत नव्हतं.

आता माझी शेंदरी खूण तुला आठवते का? काय विचारतो मी. तूच त्यावरून मला चिडवायचास. मी स्वतः लावलेला बोल्ट असला की त्यावर शेंदरी ऑइलपेंटचं एक बोट ओढायचो, अर्धं बोल्टावर, अर्धं बाजूच्या लोखंडावर. कोणी पान्हा लावला तर रेघ तुटणार. तांड्यावरच्या देवीचा ओटा रंगवून उरलेला डबा होता तो, कितीतरी वर्षं पुरला. दाजी बोल्टाला शेंदूर फासून त्याचा देव करतात, असं तू गिऱ्हाइकासमोर म्हणायचास आणि मी वरवर रागवायचो. मनातून मला ते आवडायचं. दारव्ह्यात लोक म्हणायचे, लखीरामची खूण असली की पुन्हा पाहायचं काम नाही. तर या गाडीच्या डिस्ट्रिब्युटरच्या बोल्टावर माझी खूण होती. बावीस वर्षांची, काळी पडलेली, पण अखंड. रेघ कुठंच तुटलेली नाही. म्हणून मी सगळीकडे पाहिलं आणि तिथं पाहिलं नाही. पेट्रोलवर संशय घेतला, पुसदच्या पोरांवर घेतला, स्वतःच्या खुणेवर कसा घेणार?

परवा दुपारी थकून स्टुलावर बसलो. आता साकेतला निरोप पाठवून गाडी घेऊन जा म्हणायचं, असं ठरवलं होतं. आणि बसल्याबसल्या, दुसरं काही उरलंच नाही म्हणून, डिस्ट्रिब्युटरची टोपी पुन्हा काढली; पॉइंट घासताना काढली होती, पण तेव्हा रोटर कुठं आहे ते पाहिलं नव्हतं. पुढचं तुला सांगायची गरज नाही, पण मी बसंतीला समजावलं तसंच लिहितो, कारण तिला सांगताना मलाच ते पहिल्यांदा नीट समजलं. त्या टोपीखाली घड्याळाच्या काट्यासारखा रोटर फिरतो. टोपीत चार घरं, चार वायरींची. काटा ज्या घरासमोर येईल त्या सिलिंडरला ठिणगी. पहिल्या सिलिंडरचा पिस्टन दाब देऊन वर आला की काटा पहिल्या घरासमोर पाहिजे. मी पुलीला पान्हा लावून इंजिन हातानं फिरवलं, पहिला पिस्टन वर आणला, भोकावरच्या अंगठ्याला हवा लागली. आणि काटा पाहिला तर तो पुढच्या घरासमोर उभा, क्रमानं एकानंतर येणाऱ्या तिसऱ्याच्या. एक घर पुढे. खुणेवरची काजळी बोटानं पुसून पाहिली. खूण तुटलेली नव्हती, म्हणजे माझ्यानंतर तिथं कोणाचाही हात लागलेला नव्हता. तो काटा मीच एक घर चुकवून बसवला होता.

मग सगळं आठवलं, शाम. इंजिन पूर्ण खोलून बांधलं होतं आपण. आठ दिवस दोघं झोपलो नव्हतो. डिस्ट्रिब्युटर मी बसवला, टायमिंग मी लावलं, शेंदूर फासला. वायरी नेहमीप्रमाणे तुझ्याकडे. वकीलसाहेब पुसदहून चार माणसं घेऊन आले, सगळे बाहेर खुर्च्यांवर बसले, आणि गाडी खोकायला लागली, असाच फटाका फुटला. मी तुला म्हटलं, तारा पाहा, कुठं ढिली असेल, आणि पाहुण्यांना चहा द्यायला बाहेर गेलो. चहा संपायच्या आत गाडी एकसारखी चालू लागली. वकीलसाहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी आत येऊन तुला विचारलंही नाही काय होतं म्हणून. तू हात पुसत होतास. परवा कळलं तू काय केलंस ते. चूक नीट करायची तर माझी खूण तोडून डिस्ट्रिब्युटर बाहेर काढावा लागला असता, त्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. तू ते केलं नाहीस. तू चारही वायरी एकेक घर पुढे सरकवल्यास. काटा चुकला होता, तू घरंच काट्यामागं नेलीस. पुसदच्या पोरांनी नव्या वायरी आकड्याप्रमाणे लावल्या आणि तुझी ती दुरुस्ती पुसली गेली. पुढं तीन वर्षं त्या गाडीच्या वायरींना तू मला हात लावू दिला नाहीस. मला वाटायचं, पोराला कामाचा अभिमान आहे.

आणि मी काय केलं? नागपूरच्या कोणा मिस्त्रीनं बोनेट उघडून वकीलसाहेबांना हसत विचारलं, वायरी टोपीवरच्या आकड्याप्रमाणे नाहीत, हा कोणता कलाकार? ते भर आठवडी बाजाराच्या दिवशी आपल्या दारात आले. बाहेर जीपवाले उभे, कापूस विकायला आलेली माणसं उभी. मी पाहिलं, वायरी खरंच आकड्याप्रमाणे नव्हत्या. माझी मान खाली गेली आणि मला ती वर करायची घाई झाली. हे या पोट्ट्याचं काम, असं मी मोठ्यानं म्हटलं. तुला म्हटलं, आत्ताच्या आत्ता सरळ कर. तू एवढंच म्हणालास, "दाजी, तारा नका हलवू. चालते ना गाडी, राहू द्या." मी ऐकलं ते उलट उत्तर म्हणून. सगळ्यांसमोर तुझ्या तोंडात मारली. सत्तावीस वर्षांच्या बाप्या माणसाच्या. वकीलसाहेबांना कोर्टाची घाई होती, जाऊ दे रे लखीराम म्हणून ते तशीच गाडी घेऊन गेले, आणि ती पुन्हा माझ्याकडे आली नाही. त्या दिवशी मी वायरी हलवल्या असत्या तर गाडी जागेवरच मेली असती आणि मला तिथंच सगळं समजलं असतं. तू तेही होऊ दिलं नाहीस. संध्याकाळच्या एसटीनं निघून गेलास. मी शटर ओढलं आणि जेवलो. हो, जेवलो. ते अजून माझ्या घशात आहे.

तर परवा मी वायरी काढल्या आणि एकेक घर पुढे सरकवल्या, तू सरकवल्या होत्यास तशाच. तेवढ्यात बसंती डबा घेऊन आली. तिला म्हटलं, गाडीत बस आणि किल्ली फिरव. जन्मात ती स्टिअरिंगमागं बसली नव्हती, पदर सावरून अशी बसली जशी फोटो काढायचा आहे. किल्ली फिरवली. मी हात मडगार्डवर ठेवला होता, हाताला एकसारखी थरथर लागली. धावत मागं जाऊन कागद धरला, कागद बाहेर फडफडत राहिला, एकदाही आत ओढला गेला नाही. बसंती काचेतून हसत होती. मी गाडी बंद करायला लावली, तिथंच पायरीवर बसलो आणि तिला सगळं सांगितलं, काटा, घरं, खूण, चहा, सगळं. मला वाटलं ती रडेल, नाहीतर माझ्यावर ओरडेल. तिनं डबा उघडला, भाकरी काढली आणि म्हणाली, "मले माहीत हाय."

तुझ्या बहिणीला एकोणीस वर्षांपासून माहीत होतं. त्या संध्याकाळी ती भाकरी बांधून स्टँडवर आली होती, तेव्हा तू तिला सांगितलंस. आणि शपथ घातलीस. काय म्हणालास तेही तिनं मला सांगितलं. "दाजी या गावात हाताच्या नावावर जगते. ते नाव गेलं तर तुमी खाल काय?" ज्याच्या तोंडात मी दुपारी मारली तो संध्याकाळी माझ्या पोटाचा विचार करत होता. आणि ही बाई ते ऐकून घरी आली, मला वाढलं, आणि तेव्हापासून माझ्याशेजारी राहिली. राखीला नात्यातल्या जमनाबाईकडे पुसदला जाते म्हणून जायची, तिथं तू नांदेडहून यायचास, हे मला माहीत होतं. मी विचारत नव्हतो, ती सांगत नव्हती. परत आली की तिच्या पिशवीत तू दिलेलं लुगडं असायचं. ते मी पाहिलं नाही असं मी दाखवायचो. मी तिला विचारलं, मले काहून नाही सांगतलं? म्हणाली, तुम्ही एकदा तरी शामचं नाव काढलं असतं तर सांगितलं असतं. मी नाव काढलं नव्हतं.

माझं चुकलं, शाम. काट्याचं चुकलं ते कोणाचंही चुकतं, आठ दिवसांची झोप होती डोळ्यांवर. पण तुझ्या तोंडात मारली ते चुकलं, आणि एकोणीस वर्षं स्वतःला खरा समजत राहिलो ते त्याहून जास्त. माफ कर असं लिहायला बसलो की हात थांबतो, कारण ते फार स्वस्त वाटतं. तरी लिहितो. माफ कर.

आता खरं काम. हे सगळं फोनवर बोलता आलं असतं, तुझा नंबर बसंतीकडे आहे. पण मला आता फोनवरचं ऐकू येत नाही. उजवा कान दोन वर्षांपूर्वी गेला, डावाही चालला आहे. यवतमाळच्या डॉक्टरनं सांगितलं, आयुष्यभर सायलेन्सरजवळ डोकं ठेवलंत, आता काय होणार. बसंतीला सांगितलं नाही, तिला वाटतं मी तिचं बोलणं टाळतो. गावात तर सांगायची सोयच नाही, लखीराम कानानं गाडी पाहते असं ज्याचं नाव, त्यानं हे कोणत्या तोंडानं सांगावं? तीन आठवडे मी त्या गाडीचं दुखणं बकरीकडे आणि कागदाकडे पाहून ओळखत होतो. साकेतला मी सांगितलं आहे की गाडी अजून तयार नाही, आठ दिवस लागतील. ते खोटं आहे, ते तुझ्यासाठी बोललो. येत्या बाजाराच्या दिवशी ये. ती खूण मी तोडलेली नाही, तशीच ठेवली आहे. पान्हा तू घे, गुलाबसिंग आणि जे कोणी उभे असतील त्यांच्यासमोर तूच ती तोड, आणि ती का तोडायची ते मी त्यांना सांगीन. मोठ्यानंच सांगीन, आजकाल माझ्याकडून हळू बोललंच जात नाही. काटा पहिल्या घरासमोर आण, वायरी आकड्याप्रमाणे लाव, आणि गाडी चालू करून सायलेन्सरपाशी उभा राहा. मी समोर उभा राहून तुझ्या तोंडाकडे पाहीन. गाडी बरोबर चालते की अजून कुठं मिस मारते, तेवढं तू ऐक आणि मला सांग.

वाट पाहणारा,
तुझाच
लखीराम दाजी